मांडव्याची सोळा वर्षे

सीना नदीच्या काठी शेवरी नावाचे एक लहान गाव आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी कृपादास महाराज तेथे येऊन राहिले. महाराज जन्माने धनगर. तरुणपणी मेंढरांमागे हिंडताना कुठल्याशा बाजारात त्यांच्या कानांवर प्रभू येशूचे नाव पडले, आणि ते काळजात असे रुतले की पुढे चाळीस वर्षे त्यांना दुसरा विषय सुचला नाही. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, चालताना डावा पाय किंचित ओढायचा. एवढ्या खुणेवर सारा मुलूख त्यांना ओळखत असे. ख्रिस्ती लोक त्यांना महाराज म्हणत, आणि जे ख्रिस्ती नव्हते तेही महाराजच म्हणत.

शेवरीत तेव्हा ख्रिस्ती मंडळींची तीसेक घरे होती. एक प्रार्थनामंदिर होते, चौथीपर्यंत शाळा होती. त्याच गावात साळूबाई ओहोळ नावाची विधवा राहत असे. तिचा नवरा आणि तान्हे मूल एकाच आठवड्यात पटकीच्या साथीत गेले होते. त्या दुःखात ती महाराजांच्या पायांशी येऊन पडली, तेव्हा महाराजांनी तिला फार उपदेश केला नाही. एवढेच म्हणाले, "साळू, मांडव्याला जात जा. दर गुरुवारी. सुवार्ता सांग. ऐकतील तर बरंच. नाही ऐकलं तर त्यांच्या लेकरांचे डोळे धू."

मांडवे शेवरीपासून सात मैलांवर. साळूबाई सोळा वर्षे दर गुरुवारी तेथे जात राहिली. ओढ्यावर बायका धुणे धूत, तेथे ती दगडावर बसे, प्रभूची एखादी गोष्ट सांगे, ओवी म्हणे, पोरांच्या चिकटलेल्या पापण्या कोमट पाण्याने पुसून देई आणि परत येई. कधी बायका ऐकत, कधी धुण्याचा आवाज मुद्दाम वाढवत. ठकूबाई शेळके नावाच्या एका कुणब्याच्या बाईने तर पहिल्याच वर्षी तिच्या अंगावर राखेचे पाणी ओतले होते. सातव्या वर्षी मांडव्यात पटकी आली, तेव्हा साळूबाई तेरा दिवस तेथेच राहिली आणि जे हाती आले ते करीत राहिली. साथ ओसरली. लोक आपापल्या कामाला लागले. बाप्तिस्मा घ्यायला मात्र एकही माणूस पुढे आला नाही.

हे तिला आतून कुरतडत असे. ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण प्रार्थनेला बसली की तिचे मन शब्दांवरून घसरून मांडव्याच्या वाटेला लागे. आपले सांगणे कमी पडते का? आपल्या जिभेत जोर नाही का? की देवाने आपल्याला नुसते चालायला लावले आहे? कुठेही बसली तरी घटकाभराने ती उठून उभी राही.

सोळाव्या वर्षी वैशाखातल्या एका रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा भरली. सभेला शाहूराव चक्रनारायण मास्तर होते. शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे वडील. माणूस शिकलेला, नगरला राहून आलेला, सचोटीचा. त्यांच्या देखरेखीखालच्या चार गावांत साठ माणसांचे बाप्तिस्मे झाले होते आणि ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात फिरून फिरून येत असे. सगळ्यांसमोर ते साळूबाईकडे वळले.

"बाई, तुम्ही मांडव्याला जाता ना? सोळा वर्षं झाली. एक तरी माणूस दाखवा. की आपलं ओढ्यावर पाय धुऊन परत येता?"

काही माणसे हसली. साळूबाईने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"मी सांगते, मास्तर," ती म्हणाली. "ते ऐकतात. पुढचं मला कळत नाही."

"ऐकतात तर मग येत का नाहीत?" मास्तर म्हणाले. "मी असं म्हणतो, की हे काम आता बंद करावं. मी स्वतः उद्या मांडव्याला जाऊन येतो. डोळ्यांनी पाहतो आणि काय तो निकाल लावून टाकतो."

कोणी विरोध केला नाही. साळूबाई तडक महाराजांच्या खोलीकडे गेली. महाराजांचा डावा पाय गुडघ्यापासून सुजला होता. चार दिवस ते बाजेवरून उठले नव्हते.

"महाराज, मला मोकळं करा," ती म्हणाली. "माझी बहीण जालन्याला आहे. तिच्याकडं जाते. मास्तर म्हणतात ते खरं आहे."

"तुला मोकळी करायला मी कोण?" महाराज म्हणाले. "पण गेलीस तर तिथं तरी स्वस्थ बसशील का?"

"मला कुठंच स्वस्थ बसवत नाही, महाराज. सोळा वर्षांत एक दिवस बसवलं नाही."

"गुरुवारपर्यंत थांब," महाराज म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

सोमवारी सकाळी शाहूराव मास्तर छत्री घेऊन एकटेच मांडव्याच्या वाटेला लागले. साळूबाईच्या दारावरूनच ते गेले. त्यांची ताठ पाठ पाहून तिच्या मनात आले, होरपळू दे जरा उन्हात. विचार आला आणि गेला. पुढे तो तिला किती छळणार आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी भर दुपारी एक नवल घडले. महाराजांनी आपली बाज मंदिराच्या ओसरीत आणायला सांगितली होती. दहाबारा माणसे जमली होती, साळूबाईही होती. प्रार्थना चालली असता महाराज मध्येच थांबले. त्यांची मान छातीवर कलली. कपाळावर घामाचे थेंब जमले, श्वास भरभर चालू लागला, जणू काही ते चढणीवर चालत होते. कोणी पंख्याने वारा घातला, कोणी पाय चेपले. अर्धा तास असा गेला. मग त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितले. एकापाठोपाठ एक असे तीन तांबे पाणी ते प्याले. काय झाले, असे विचारल्यावर म्हणाले, "ऊन फार आहे रे." एवढेच. लोकांना वाटले, ताप चढला असेल.

मंगळवारी सकाळी बातमी आली, की नदीपलीकडच्या गावांत पटकीची लागण झाली आहे आणि गावोगाव वेशी बंद होत आहेत. शाहूराव मास्तर परतले नव्हते. त्यांची बायको राहेलबाई शाळेच्या पायरीवर वाटेकडे तोंड करून बसली होती. साळूबाईने जाते मांडले, चार वेढे फिरवले आणि तशीच उठली. झाडू हातात घेतला, तो अंगणात ठेवून राहेलबाईकडे गेली. तिच्याशी काय बोलावे ते सुचेना, तशी परत आली. होरपळू दे, असे आपण म्हटले होते. देवाने आपले तेवढेच ऐकले की काय? सोळा वर्षांतले दुसरे काहीच नाही, आणि हे मात्र ऐकले?

तेवढ्यात महाराजांचा निरोप आला. ती गेली तेव्हा महाराज बाजेवर उठून बसले होते.

"साळू, मांडव्याला नीघ."

"आज मंगळवार आहे, महाराज."

"आत्ता नीघ. काल दुपारपासून माझ्या जिवाला चैन नाही. तुझ्याही नाही, ते दिसतंय मला. ही तळमळ आपली नाही, साळू. ज्याने लावली आहे त्याला काही काम करून घ्यायचं आहे. जा."

साळूबाईने घोटभर पाणी पिऊन वाट धरली. वाटेत सावली अशी नव्हतीच. दर गुरुवारी ती या वाटेने रमत गमत, आज काय सांगावे याचा विचार करीत जाई. आज तिला एकही गोष्ट आठवत नव्हती. पाय नुसते पुढे पडत होते. मांडव्याअलीकडच्या खोल दऱ्याच्या उतारावर एका बाभळीखाली तिला एक छत्री पडलेली दिसली. काड्या मोडलेल्या, कापड धुळीने माखलेले. तिने इकडे तिकडे पाहिले. माणूस कोठेच नव्हता. छत्री मास्तरांचीच होती. ती जवळजवळ धावतच निघाली.

मांडव्याच्या वेशीवर बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. आत राखण करीत जागल्या बसला होता. तिला पाहून तो लांबूनच म्हणाला, "बाई, आत यायचं न्हाई. पाटलाचा हुकूम हाय. तुमचा माणूस तिकडं खळ्यावर पडलाय."

"कुणी नेलं त्याला?"

"ठकूबाईनं. म्हातारी काट्यांबाहेर गेली ती गेली. पाटील म्हणला, आता साथ सरूस्तोवर तिला गावात घेणार न्हाई. तर म्हणती, नका घेऊ."

शेळक्यांचे खळे गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला होते. तेथल्या कडब्याच्या खोपीत साळूबाई वाकून शिरली. आत शाहूराव मास्तर घोंगड्यावर पडले होते. डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. त्यांच्या उशाशी ठकूबाई बसली होती आणि मातीच्या वाटीतून त्यांच्या ओठांत चमच्याने काहीतरी सोडत होती. तिची सून गोदा बाहेर तीन दगडांवर पाणी उकळत होती.

ठकूबाईने वर पाहिले. "आलीस व्हय, बाई," ती म्हणाली. "म्या गोदीला म्हणतच व्हते, ती यील."

"काय देतेस?" साळूबाईने विचारले.

"तू दिलं व्हतंस तेच. कण्यांचं पातळ पाणी, मीठ घालून. माझ्या ल्योकाला तू रातंदिस पाजलंस, म्या काय इसरले? उकळल्याबिगर पाण्याचा थेंब दिला न्हाई याला. आमी तवापासनं उन्हाळ्यात उकळूनच पितो, समदी आळी."

साळूबाई दचकली. त्या साथीनंतरची नऊ वर्षे ती दर गुरुवारी येत होती आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते. पण विचार करायला वेळ नव्हता. तिने मास्तरांचे मनगट हातात घेतले. मनगट थंड होते. नाडी कोठे लागेना. तिने दुसरा हात चाचपला. मघापर्यंत त्यांच्या पायांत वांब, म्हणजे पेटके, येत होते, आणि तेही आता थांबले होते. असे हातपाय तिने पूर्वी पाहिले होते. आपल्या नवऱ्याचे पाहिले होते. पुढे काय होते ते तिला माहीत होते.

गोदा दाराशी येऊन उभी राहिली. "गेलं का वं?" तिने हळूच विचारले.

साळूबाईने पुन्हा पहिले मनगट धरले. तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती, की राहेलबाई पायरीवर बसली आहे. ठकूबाईने वाटी बाजूला ठेवली आणि पदराने हात पुसले.

"बाई, अशी का बसलीस?" ती म्हणाली. "तू मागतीस तसं माग की तुझ्या देवाजवळ. तू म्हण, आमी तुझ्या मागनं म्हणतो. आमाला येतं."

"तुम्हाला येतं?"

"का न्हाई येणार? कुणाचं लेकरू आजारी पडलं की आमी म्हणतोच. तुला सांगायची लाज वाटायची. तू म्हणली असतीस, मग बाप्तिस्मा घ्या. घरचं गडी मारतील, म्हणून गप बसलो."

साळूबाईने मनगट न सोडता डोळे मिटले. शब्द फार नव्हते. 'प्रभू येशू, हा तुझा माणूस आहे. माझ्या मनात त्याच्याविषयी वाईट आले, त्याची मला क्षमा कर. याला परत दे.' तिच्या मागून ठकूबाईचा जाड, घोगरा आवाज तेच म्हणत होता, आणि दारातून गोदाचा. एकदा म्हणून झाले, पुन्हा म्हटले. किती वेळा म्हटले याचा हिशेब राहिला नाही. ऊन खोपीच्या दारातून सरकून मास्तरांच्या पायांवर आले. साळूबाईचे बोट अजून त्या मनगटावरच होते. आणि त्या बोटाखाली एकदा काहीतरी हलले.

तिला वाटले, आपलीच नाडी असेल. ती श्वास रोखून थांबली. पुन्हा हलले. बारीक, पण हलले. मग मास्तरांचे ओठ सुटले आणि त्यांनी जीभ फिरवली. ठकूबाईने वाटी उचलली.

संध्याकाळपर्यंत त्यांना लघवी झाली, पटकीत ही वाचण्याची खूण, तेव्हा साळूबाई खोपीबाहेर येऊन मटकन खाली बसली आणि रडली. भाविकहो, त्या काळी डॉक्टर तीस मैलांवर होता आणि थंड पडलेला पटकीचा रोगी सहसा उठत नसे.

मग तिने ठकूबाईला विचारले, "हे इथं पडलेत, हे तुला कळलं कसं? दरा तर गावातून दिसत नाही."

ठकूबाईने आश्चर्याने तिच्याकडे पाहिले. "अगं, तुझ्या म्हाराजांनीच सांगितलं. काल दुपारच्याला म्या काट्यांजवळ शेळीला पाला टाकत व्हते. बांधावर येऊन उभं ऱ्हायलं. खांद्यावर काळं घोंगडं, पाय वढत. घामाघूम झाल्यालं. म्हणलं, ठकूबाई, दऱ्यात बाभळीखाली माणूस पडलाय, तेवढा उचल. म्या म्हणलं, पाटील आत घेणार न्हाई मला. तर म्हणलं, वाटंवर पडलेल्या माणसाला परक्यानं उचलल्याची गोष्ट साळूनं तुला सांगितली व्हती ना? एवढंच. आन् वळून दऱ्याकडं गेलं. म्या गोदीला हाक मारली. आमी दोघींनी याला बाजंवर घालून आणला. कोन, कुठल्या घरचा, काय इचारलं न्हाई."

काल भर दुपारी महाराज शेवरीत मंदिराच्या ओसरीत बाजेवर होते. साळूबाईने स्वतः त्यांचा सुजलेला पाय चेपला होता.

शाहूराव मास्तर नऊ दिवस त्या खोपीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येऊ लागले. पण ते बोलत नसत, पडल्या पडल्या पाहत असत. गावातल्या बायका काट्यांपलीकडून पीठ, मीठ, गोवऱ्या ठेवून जात. त्यांतली एक जण जाताना गुणगुणत होती. नीट ऐकल्यावर मास्तरांना कळले, की ती साळूबाईची ओवी आहे, प्रभूच्या जन्माची. त्या बाईला तिचा अर्थ कितपत ठाऊक होता, कोण जाणे. कडेवरचे लेकरू मात्र ती ऐकत झोपले होते. ठकूबाई मास्तरांची घाणेरडी फडकी ओढ्यापासून दूर खड्ड्यात पुरून येई, हात राखेने घासून धुई आणि पुन्हा वाटी घेऊन बसे. एकदा मास्तर तिला म्हणाले, "बाई, तुम्हाला घरी घेत नाहीत माझ्यामुळं."

"घेतील की," ठकूबाई म्हणाली. "न्हाई घेतलं तर खोप हाय. तू पी."

दहाव्या दिवशी साथ हटली आणि पाटलाने काट्या काढायला लावल्या. त्याच सकाळी शेवरीहून एक बैलगाडी आली. तीत राहेलबाई होती आणि महाराज होते. महाराजांच्या पायाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. महाराजांना गाडीतून उतरवताच मास्तर खोपीच्या कुडाला धरून उभे राहिले आणि कसेबसे पुढे आले.

"महाराज," ते म्हणाले, "दऱ्यात पडलो होतो तेव्हा कोणीतरी माझ्यावर सावली धरली होती. मला घोंगडीचा वास आला. तुम्हीच होतात ते."

"मास्तर, मी शेवरीतच होतो. या साळूला विचारा."

"मग ठकूबाईनं कुणाला पाहिलं?"

महाराजांचे डोळे भरून आले. "मी मेंढरं राखलीत," ते म्हणाले. "चुकलेल्या मेंढराला नेहमीच्या माणसाची हाक ओळखू येते. म्हणून हाक द्यायला ज्याला जायचं असतं तो कुणाचं घोंगडं अंगावर घेऊन जाईल, ते मी काय सांगू? माझी योग्यता तेवढी नाही."

मास्तर त्यांच्या पायांवर वाकू लागले. महाराजांनी काठी आडवी धरली.

"इथं नको. मी तुम्हाला पाणी पाजलं नाही."

मास्तर थबकले. मग ते साळूबाईकडे वळले. सभेतले बोलणे त्यांना आठवले असावे, कारण त्यांचा चेहरा काळवंडला. "बाई, मी इथं काय शोधायला आलो होतो, ते तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "मी याच गावात महिनाभर हिंडलो असतो आणि मला एक माणूस दिसला नसता. मला बघताच येत नव्हतं."

साळूबाई म्हणाली, "मलाही दिसलं नव्हतं, मास्तर. मी जालन्याला निघाले होते." आणि जरा थांबून म्हणाली, "उद्या गुरुवार आहे. उद्या यायचं की इतके दिवस इथंच आहे म्हणून चालेल, हा विचार करतेय."

महाराज हसले. तिची तळमळ संपली नव्हती, आणि ती पुढेही कधी पुरती संपली नाही. ठकूबाईने आणखी चार वर्षांनी, मुलगा आणि सून यांच्यासह, भर गावासमोर सीनेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. तिच्यामागून मांडव्यातली अकरा घरे आली. काही घरे कधीच आली नाहीत, तरी त्यांनी साळूबाईला ओढ्यावर बसायला दगड पुसून दिला. पण हे सगळे नंतरचे.

त्या सकाळी ठकूबाई या बोलण्यात नव्हतीच. खळ्याच्या कडेला ती शेवटचे मडके घासत बसली होती. घरी जायची तिला घाई होती. शाहूराव मास्तर हळूहळू तिच्यापर्यंत चालत गेले. कमरेत जोर नव्हता, म्हणून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. शिकलेला, ताठ मानेचा तो माणूस कडब्याच्या भुशात खाली बसला आणि त्याने ठकूबाईच्या राखेने माखलेल्या पायांवर कपाळ ठेवले.

"अरं, हे काय करतुस," ती संकोचून म्हणाली आणि पाय मागे घेऊ लागली. पण मास्तरांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.